पंधरा इंची कॉइल

कुवेतहून परत येताना लोक सोनं आणतात, कांबळी आणतात, निदान खजुराचे डबे तरी आणतात. मुबारकने मेटल डिटेक्टर आणला. जमिनीखाली धातू असला की हेडफोनात आवाज देणारं यंत्र. सोळा वर्षं तिकडे वायरमन म्हणून राबला आणि शुक्रवारच्या सुट्टीत समुद्रावर लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधायचा नाद लावून घेतला. पनवेलच्या घरी ती बॅग उघडली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. त्याची थोरली बहीण फहमिदा तेवढी म्हणाली, की नाक्यावर बसून पत्ते कुटण्यापेक्षा हे बरं.

या यंत्राचं सगळं मर्म काठीच्या खालच्या टोकाला असलेल्या गोल तबकडीत असतं. तिला कॉइल म्हणतात. तीच जमिनीवरून फिरवायची, तीच खालचं ऐकते. कॉइल मोठी असली की खोलवरचं कळतं आणि एका फेरीत बरीच जमीन उरकते. पण जवळजवळ पडलेल्या चार वस्तू तिला एकच वाटतात. लहान कॉइल फार खोल जात नाही, पण खिळा वेगळा आणि अंगठी वेगळी सांगते. कुवेतला ज्या मल्याळी म्हाताऱ्याने मुबारकला हे शिकवलं, त्याचा एकच मंत्र होता: साफ वाळूत मोठी, भंगारात छोटी. मुबारक तो मंत्र दुसऱ्यांना हौसेने ऐकवायचा. स्वतः मात्र पंधरा इंचांच्या एका कॉइलवर त्याचा जीव जडला होता. चुलतभावाकडून परदेशातून मागवलेली, काळी कुळकुळीत, जेवणाच्या ताटाहून मोठी. यंत्राला लावली की नाकापेक्षा मोती जड. दंड भरून यायचा, पण रस्त्याने जाताना माणसं थांबून बघायची. यंत्राबरोबर आलेली आठ इंची कॉइल त्या दिवसापासून बॅगेच्या तळाशी गेली. थोरली घरात आल्यावर धाकटीला कोण विचारतो?

फहमिदाचा धंदा बांगड्यांचा. सासूकडून तिला पंधरा-वीस गावं आली होती. पनवेलपासून खाडीपर्यंतच्या त्या आगरी गावांत लग्न निघालं की हळदीच्या सकाळी बांगड्या भरायला फहमिदाच लागायची. नवरी, नवऱ्याची आई, मावश्या, आत्या, सगळ्यांचे हात तिच्या हातांतून जायचे. साबणाचं पाणी लावून ती असा काही चुडा चढवायची की मनगट दुखायचं नाही आणि बांगडी पिचायची नाही. कुणाच्या घरात कोण रुसलंय, कुणाची सून माहेरी बसलीय, तिला सगळं ठाऊक असायचं आणि तिच्या तोंडून काहीच बाहेर पडायचं नाही. म्हणून तर घरोघरच्या बायका तिच्यासमोर पाटल्या, अंगठ्या काढून बिनघोर ताटलीत ठेवायच्या.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात जगनच्या मुलाचं, भावेशचं लग्न निघालं. जगन हा एकेकाळचा मिठागरवाला. आता त्याचे डंपर होते, दारात दोन गाड्या होत्या. मुबारकची नि त्याची दोस्ती जुनी. एकदा त्याच्या शेतात ट्रॅक्टरची पडलेली पिन मुबारकने दहा मिनिटांत काढून दिली होती, तेव्हापासून जगन गावभर सांगत फिरायचा की भायच्या मशीनला खोटं बोलता येत नाय.

हळदीच्या सकाळी फहमिदाने जगनच्या बायकोच्या, हौसाच्या हातात चुडा भरला. भरण्याआधी हौसाने बोटातलं सोन्याचं वेढं काढून ताटलीत ठेवलं. जाडसर, साधं, बिननक्षीचं वेढं. तिच्या आईने मरताना स्वतःच्या बोटातलं काढून तिच्या बोटात घातलेलं. मग मुहूर्त टळेल म्हणून भटजींनी घाई केली, बायका उठल्या, अंगणात मांडवाची मेढ रोवायला गेल्या. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, मुहूर्ताचा. त्याच्या खड्ड्यात हळदकुंकू, तांदूळ, सुपारी आणि नाणी टाकतात आणि वर खांब उभा करतात. जगनच्या घरी दर लग्नाला मेढ त्याच एका जागी रोवायची पद्धत होती. संध्याकाळी हळद लागायच्या वेळेला हौसाचं लक्ष बोटाकडे गेलं. वेढं नव्हतं.

ताटली पालथी करून झाली, गाद्या झटकून झाल्या, फुलांचा कचरा चिवडून झाला. हौसा पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, वेढं काढल्याचं तिला स्वच्छ आठवतं, परत घातल्याचं आठवत नाही. तिचं खोटं नव्हतं. अंगावरचा दागिना काढताना बाईचं मन जागं असतं, घालताना ते पुढच्या कामाला गेलेलं असतं. पण ताटलीशेजारी कोण बसलं होतं, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही तरी सगळ्यांच्या डोळ्यांत उभा राहिला. हळदीसाठी थांबलेल्या फहमिदाला कुणी चोर म्हणालं नाही. तिला निघताना नारळ द्यायला कुणी आलं नाही, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी ही गोष्ट मोहल्ल्यात आली आणि मुबारकच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने जगनला फोन केला. वेढं अंगणातच कुठेतरी पडलं असणार, लग्न उरकू दे, मी येतो आणि सगळ्यांच्या देखत काढून देतो, असं सांगितलं. फहमिदा म्हणाली, मी पण येते. तिने बांगड्यांची पेटीही बरोबर घेतली, कारण तिथून पुढे दुसऱ्या गावात तिला एका साखरपुड्याला जायचं होतं.

ते पोचले तेव्हा मांडव उतरला होता. मेढीचा खड्डा बुजवून वरून सारवलं होतं. अंगणाच्या कडेने अर्धं गाव जमलेलं. मुबारकने बॅग उघडली. आत दोन कॉइल होत्या. ज्या अंगणात कालपरवा मांडववाल्यांनी शंभर खिळे नि तारांचे तुकडे सांडले होते, तिथे कुठली लावायची हे कुवेतमधल्या त्या म्हाताऱ्याने झोपेतही सांगितलं असतं. मुबारकलाही ठाऊक होतं. पण पन्नास माणसं बघत होती, बहिणीच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि मोठ्या कामाला मोठं हत्यार लागतं असं त्याच्या मनाने घेतलं. खरं सांगायचं तर एवढ्या लोकांसमोर ती बशीएवढी कॉइल काढायची त्याला लाज वाटली. त्याने पंधरा इंची लावली.

तासभर तो फिरला. यंत्र सारखं कुरकुरत होतं. उकरलं की खिळा, उकरलं की बाटलीचं बूच. शेवटी अंगणाच्या मधोमध एका जागी जरा निराळा आवाज आला, लांबलचक आणि भरभरीत, बऱ्याच गोष्टी एकात एक कालवल्यासारखा. मुबारक खुरपं घेऊन बसणार तोच जगन पुढे झाला.

"तिथं नको, मुबारकभाय. ती मेढीची जागा हाय. आमची नानी हायेत तिथं, पाच लग्नांची. आमी ती जागा उकरत नाय."

मुबारकने हात आखडला. परक्याच्या अंगणात, परक्याच्या देवाधर्माच्या जागेवर, आणि तेही बहीण संशयात असताना, मुसलमानाने खुरपं चालवायचं? त्याने कॉइल पुन्हा एकदा त्या जागेवरून फिरवली. तोच एकसंध आवाज. नाणी असतील तर असाच येणार. लहान कॉइल लावून न उकरताही कान देता आला असता, नाणी एका बाजूला आणि वेढं एका बाजूला ऐकू आलं असतं. ती तीन हातांवर बॅगेत पडली होती. काखेत कळसा म्हणतात तो असा. त्याने हेडफोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या अंगणात वेढं नाही.

मशीनला खोटं बोलता येत नाही हे गावाला ठाऊक होतं. म्हणजे वेढं अंगणात नव्हतं. घरात नव्हतं. मग कुठे होतं, ते ज्याचं त्याने समजावं. हौसाने पदराने डोळे टिपले आणि आत गेली. जे शंका घेत होते त्यांची शंका मुबारकने त्या दिवशी आपल्या हाताने, आपल्या तोंडाने मिटवून टाकली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

परतीच्या रिक्षात फहमिदाने पेटी पायाशी ठेवली. मग मुबारकने विचारलं. आवाज होईल तितका हळू काढला, बाहेर बघत विचारलं, पण विचारलं.

"आपा, चुकून पेटीत तर गेलं नसेल ना? एकदा बघून घे."

फहमिदाने रिक्षा थांबवायला सांगितली. पेटी मांडीवर घेऊन उघडली आणि सगळ्या बांगड्या त्याच्या ओटीत ओतल्या. हिरव्या, लाल, राजवर्खी, कित्येक फुटल्या. पेटी उलटी करून तिने दोनदा थापटली. मग फुटलेल्या बाजूला काढल्या, बाकीच्या भरल्या, पेटीला कडी घातली आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली. साखरपुड्याच्या गावाला ती उतरलीच नाही.

पुढे तिला कुणी बोलावणं बंद केलं असं नाही. बोलावणी आपोआप आटली. या गावातून त्या गावात मुली दिलेल्या, सगळी सोयरीक एकात एक; गोष्ट पोचायला कितीसा वेळ? आता बांगड्या दुकानातच भरतो, असं कुणी सांगितलं. कुणी आपल्या भाचीनेच शिकून घेतलंय म्हणालं. जासईकडच्या एका घराने बोलावलं, पण तिच्याशेजारी एक पोक्त बाई मुद्दाम बसवली आणि ती फहमिदाच्या हातांवरची नजर काढेना. फहमिदाने नवरीचा चुडा पुरा केला, कारण नवरीचा हात अर्धा सोडायचा नसतो, आणि घरी येऊन पेटी माळ्यावर टाकली. पुढे तिची लेक रिदा कामोठ्याला शिकवण्या घ्यायला लागली, तेव्हा मायलेकी तिकडे तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेल्या. ज्या बाईला वीस गावांत पाय ठेवल्याठेवल्या ओटीवर पाट मिळायचा, तिला बिल्डिंगच्या जिन्यात कुणी ओळखेना.

मुबारक ईदेला जायचा, आजारपणात जायचा. त्या दिवसाचा विषय फहमिदाने कधी काढला नाही. आपल्याला माफी मिळाली, असा मुबारकने त्याचा अर्थ लावला. न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात आपल्याला हवं ते घालता येतं, ही केवढी सोय! तो समुद्रावर कॉइल फिरवत राहिला. उरणच्या किनाऱ्यावर त्याने अनोळखी लोकांच्या अंगठ्या शोधून दिल्या, एका नवऱ्यामुलाने तर त्याला मिठी मारली. मनात कुठेतरी एक खडा होता, तो त्याने तसाच ठेवला. मशीनने जे सांगितलं ते सांगितलं. आपाने घेतलं नसणारच. पण मग गेलं कुठे?

दोन हजार अठराच्या सुरुवातीला पंधरा इंची कॉइलची वायर मुळापासून तुटली. नवी येईपर्यंत काम चालावं म्हणून त्याने बॅगेच्या तळाची आठ इंची बाहेर काढली. बरीच वर्षं पडून होती, चालते की नाही बघायला हवं, म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने मातीवर एक खिळा ठेवला, शेजारी दोन नाणी आणि वीतभर अंतरावर स्वतःची चांदीची अंगठी. कॉइल फिरवली. खिळा घरघरला. नाणी वाजली. मग जराशी गप्प जागा, आणि मग अंगठी, एकटी, स्वच्छ. त्याने तुटलेली वायर कशीबशी पिळून मोठी कॉइल जोडली आणि तिच्याने तेच ऐकलं. एकच आवाज आला, लांबलचक आणि भरभरीत. मुबारक तिथेच मातीत बसला. हा आवाज त्याने आयुष्यात विसरावा असा नव्हता.

जगनचं गाव तेव्हा विमानतळासाठी उठत होतं. जगन नव्या प्लॉटवर दुमजली बंगल्यात राहायला गेला होता. जुन्या घराची कौलं, दारं, वासे काढून नेले होते, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. मुबारकने फोनवर चाचरत विचारलं, मेढीच्या जागेवर एकदा बघू का. नऊ वर्षांपूर्वी ज्या जागेला खुरपं लागू द्यायचं नव्हतं, तिच्याबद्दल जगन म्हणाला, "बग की. उंद्या जेसीबी येनार हाय तिथं. गावच नाय, तं मेढ कसली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, जेसीबी यायच्या आत, दोघंच त्या अंगणात होते. मुबारकने आठ इंची फिरवली. नाणी वाजली, एकाखाली एक. त्यांच्या डाव्या अंगाला, चार बोटं सोडून, एक निराळा आवाज होता, गोल आणि नितळ. तिथे वीतभर उकरलं. आधी काळी पडलेली सुपारी लागली, मग कुजक्या तांदळाची माती, आणि तिच्यात वेढं. सोन्याचं काय, ते कालच पडल्यासारखं पिवळं होतं. साबणाच्या ओल्या बोटात घाईने घातलेलं वेढं, मूठ उघडून तांदूळ टाकताना तांदळाबरोबर गेलं होतं. जगनने ते तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं आणि सदऱ्याला पुसलं.

नव्या बंगल्यात हौसाने ते बोटात घातलं. बोट जाडावलं होतं, पेरावर अडकलं, तरी तिने दाबून घातलं आणि आईचं नाव घेऊन रडली. मुबारक उभा होता. आता हिच्या तोंडातून फहमिदाचं नाव येईल, मग येईल, म्हणून वाट बघत होता. हौसाने देवाला हळद वाहिली, मुबारकला बसायला सांगितलं, चहा ठेवायला सांगितला. शेवटी त्यानेच नाव काढलं. म्हणाला, वहिनी, तुम्ही एकदा आपाकडे चला, दोन शब्द बोला, आणि तुमच्या सोयऱ्यांच्या कानावर पण घाला.

हौसाचा चेहरा कसनुसा झाला. "आमी कुटं तिला चोर बोललो? कोनी बोललं का एक शबूद? मशीन तं तुमीच फिरवलं, भाय."

जगनने मध्ये पडून समजूत घातली, की झालं गेलं खाडीला मिळालं, आता त्या बायका म्हाताऱ्या झाल्या, जुनं काढून कुणाचं भलं होणार. हौसाने कपाटातून एक साडी काढली, नवी, घडी न मोडलेली, वर नारळ ठेवला. फहमिदाबायला द्या म्हणाली. मुबारकने ती पिशवी घ्यायला नको होती. पण बाहेर पडताना ती त्याच्या हातात होती, आणि त्याला आतून एक हुरूपही आला होता. सापडलं तर होतं. सुटली तर होती बहीण. उरण नाक्याला रिक्षा बदलायलासुद्धा तो थांबला नाही, सरळ कामोठ्यापर्यंत केली. लिफ्ट बंद होती, तर तीन मजले चढून गेला, पासष्टीला आलेला माणूस.

फहमिदा डाळ निवडत बसली होती. रिदा शिकवणीला गेली होती. मुबारक दारातच धापा टाकत सगळं बोलला. मेढ, तांदूळ, चार बोटांचं अंतर, लहान कॉइल. आपली चूक त्याने लपवली नाही, ते श्रेय त्याला दिलं पाहिजे. मोठी लावायला नको होती, मी अडाण्यासारखं केलं, म्हणाला. मग साडीची पिशवी तिच्यापुढे ठेवली. फहमिदाने पिशवीत डोकावलं आणि ती ताटापासून जरा लांब सरकवली. हात मात्र डाळीतच होता.

"हौसाला कळलं?" तिने विचारलं.

"तिला कळलं, जगनला कळलं. सगळ्यांना कळेल आता, मी सांगेन सगळीकडे. आणि मला विचारशील आपा, तर मला पहिल्यापासून खात्री होती."

फहमिदाने एक खडा काढून बाजूला टाकला. तिने वर बघितलं तेव्हा तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मुबारकला सोसलं असतं.

"त्या दिवशी रिक्षात तू घाबरून विचारलंस, असं मी स्वतःला समजावत आले," ती म्हणाली. "अख्खी पंचक्रोशी काय म्हणते ते म्हणू दे, माझा भाऊ तसा नाही, घाबरला होता बिचारा. नऊ वर्षं समजावलं, मुबारक. खात्री होती, तर आज एवढा धावत कशाला आलास?"

मुबारकने तोंड उघडलं. त्याची धाप अजून बसली नव्हती. तीन मजले चढून आलेल्या माणसाची धाप, चारी भिंतींना ऐकू जाईल अशी. त्याने ती दाबायचा प्रयत्न केला आणि ती दाबली जाईना.

फहमिदाने ताट पुढे ओढलं आणि उरलेली डाळ निवडायला घेतली.